रुई की मांदार? फुलाचा रंग सोडा, ठेवण बघा

माळरानी (धागाकर्ती)

दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गटात एक फोटो येतो. खाली प्रश्न: 'ही रुई की मांदार?' दोन मिनिटांत कुणीतरी ठोकून देतं, जांभळी फुलं म्हणजे रुई आणि पांढरी फुलं म्हणजे मांदार. त्याखाली नमस्काराचे हात, विषय संपला. हे उत्तर वाचून वाचून कंटाळले, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

रस्त्याकडेला, पडीक रानात, बांधावर, रेल्वेच्या रुळांलगत आपण जिला सरसकट रुई म्हणतो, त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक कॅलोट्रॉपिस जायगँटिया आणि दुसरी कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. पहिलीची नोंद लिनिअसने १७५३ मध्ये केली, दुसरीची विल्यम एटनने १७८९ मध्ये. दोघांनीही त्या अॅस्क्लेपिअस या प्रजातीत घातल्या होत्या. लंडनजवळच्या क्यू बागेच्या वनस्पतींची जी यादी १८११ मध्ये निघाली, तिच्यात एटनच्या मुलाने दोन्हींना आजचं नाव दिलं. म्हणजे या दोघी वेगळ्या आहेत हे दोनशेहून जास्त वर्षं माहीत आहे. व्हॉट्सअॅपला तेवढं कळायचं राहिलंय.

आता मुद्दा. जायगँटियाचीच फुलं फिकट जांभळीही असतात आणि शुभ्र पांढरीही. त्यामुळे देवळामागे जपलेली पांढरी 'मांदार' आणि उकिरड्याशेजारची जांभळी 'रुई' ही बहुतेक वेळा एकाच जातीची दोन रंगांची झाडं असतात. खरी दुसरी जात, प्रोसेरा, शेजारीच उभी असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कारण तिचं फूल धड पांढरं नाही, धड जांभळं नाही. पाकळी बाहेरून पांढरट, आतून टोकाला गडद जांभळा ठिपका.

एक फूल तोडून समोर धरा. चीक हाताला लागू देऊ नका, लागलाच तर तो हात डोळ्यांकडे नेऊ नका.

आधी पाकळ्या. जायगँटियाच्या पाचही पाकळ्या पसरट उघडतात आणि फूल जुनं होत जाईल तशा मागे वळतात, कधी पिळवटतातही. प्रोसेराच्या पाकळ्या वर उभ्या राहतात आणि फूल वाटीसारखं दिसतं. दहा फुटांवरून एवढ्यावर काम होतं.

मग मधला मुकुट. पाकळ्यांच्या आत मेणात घडवल्यासारखे पाच जाड, मांसल भाग असतात, खालचं टोक वर वळलेलं. त्यांच्या मधोमध पंचकोनी माथ्याचा खांब. जायगँटियात हे पाच भाग खांबापेक्षा बुटके असतात, त्यांच्यावर बारीक लव असते आणि टोकाच्या जरा खाली दोन्ही बाजूंना बोथट कान असतात. प्रोसेरात ते खांबाइतके उंच किंवा थोडे वरच गेलेले, गुळगुळीत, आणि कान नाहीत. दहा रुपयांचं भिंग पुरतं, मोबाइलचा कॅमेराही चालतो.

कळ्याही सांगतात. प्रोसेराची कळी गोलसर, जायगँटियाची लांबट अंड्यासारखी. फुलाचा आकार म्हणाल तर जायगँटियाचं सहज साडेतीन-चार सेंटिमीटर, प्रोसेराचं अडीचच्या आसपास. आणि वास घेऊन बघा. प्रोसेराला मंद गोड वास असतो, जायगँटियाला जवळपास नाहीच.

पानांवरून आणि उंचीवरून ठरवायला जाऊ नका. कोवळी पानं दोघींचीही पांढऱ्या लवेने माखलेली, दोघींचीही पानं समोरासमोर, देठ नसल्यासारखी. उंची जमिनीवर अवलंबून.

आपापल्या भागातले फोटो टाका, बघू कुठे कोण भेटतं.

---

खाडीपलीकडचा

छान धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडे गुहागर-दापोली पट्ट्यात मी तरी मागे वळलेल्या पाकळ्यांचीच बघितलीय. समुद्राच्या वाळूला लागून, पुळणीवरसुद्धा मस्त वाढते, खारा वारा तिला काही करत नाही. जांभळी भरपूर. पांढरी मात्र देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या परसात. ती आपोआप उगवलेली क्वचित, बहुतेक मुद्दाम लावलेलीच.

एक विचारायचंय. उभ्या पाकळ्यांची कोकणात नाहीच का?

---

माळरानी

@खाडीपलीकडचा, अगदीच नाही असं म्हणणार नाही, पण ओल्या पट्ट्यात जायगँटियाचं राज्य आहे. घाट चढून देशावर आलात की दोन्ही दिसायला लागतात आणि जसजसं कोरडं होत जाईल तसतशी प्रोसेरा वाढत जाते. राजस्थानात गेलात तर वाळूत उभी दिसते ती मुख्यतः प्रोसेराच. जगाच्या नकाशावरही तसंच आहे. प्रोसेरा पश्चिम आणि उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान करत भारतात येते. जायगँटिया भारत, श्रीलंका इथून पूर्वेला आग्नेय आशियात आणि दक्षिण चीनपर्यंत जाते. एक वाळवंटाकडून आलेली, एक पावसाकडे गेलेली, आणि आपल्या दख्खनच्या पठारावर दोघींची गाठ पडते. म्हणून तर घोळही इथेच जास्त.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडं त दोन्ही हायेत भाऊ. अन् भाऊ कायले म्हणतो, ताई म्हणाले पायजे, माफ करजा.

शेगाव रस्त्यानं गेलं की डाव्या अंगाले त्या जांभळ्या टोकाच्या बारक्या फुलांच्या. गावाजवळ, नाल्याच्या काठी मोठ्या फुलांच्या. आम्ही लहानपणी दोन्हीले रुईच म्हणत होतो. फुलाच्या मधातला तो मुकुट काढून पोरी हार करत. मोठ्या फुलाचा मुकुट चांगला निघे, बारक्याचा हातातच तुटे. आता समजलं कावून.

उन्हाळ्यात बाकी सारं वाळून जाते तवा हिरवं राहते ते हेच एक. बकऱ्या तोंड लावत नाहीत, लावलं तरी एखादं पान खाऊन सोडून देतात.

---

माळरानी

@वऱ्हाडी_ठेचा, ताई म्हटलंत, पोचलं :)

बकऱ्यांचा मुद्दा महत्त्वाचा. ज्या रानात चराई जास्त, तिथे गवत जातं, कोवळी झुडपं जातात, आणि चिकामुळे रुई तेवढी वाचते. म्हणून गायरानात किंवा गावाच्या वेशीवर रुईचंच बन दिसलं की समजावं, इथे जनावरं फार चरतायत. ही रोपं जमीन खराब करत नाहीत, खराब झालेली जमीन दाखवतात. उपटून काही साधत नाही.

---

शंकासुर

एक मिनिट. आमची आजी पांढऱ्याला मांदार म्हणायची, जांभळ्याला रुई. तिची आजीही. आता लॅटिन नावं पुढे करून तुम्ही त्यांना चूक ठरवणार? लोक ज्याला मांदार म्हणतात ते मांदार, बस्स. आणि हे पुस्तकवाले तरी कुठे एकमताचे आहेत? एका पुस्तकात प्रोसेराला मांदार म्हटलंय, दुसऱ्यात जायगँटियाच्या पांढऱ्या फुलांच्या झाडाला. आधी आपसात ठरवा, मग आजीकडे या.

---

माळरानी

आजीला कोण चूक म्हणतंय? आजीची विभागणी रंगाची आहे आणि ती जुनी आहे. संस्कृतात रुई म्हणजे अर्क. सुश्रुताच्या अर्कादिगण या औषधी वनस्पतींच्या यादीतही अर्क आणि अलर्क अशी जोडी सुरुवातीलाच येते, आणि अलर्क म्हणजे पांढऱ्या फुलाचा असं टीकाकार धरतात. ती विभागणी औषधाच्या आणि पूजेच्या सोयीची आहे. तिला तिच्या जागी राहू द्या.

भांडण तिथे आहे जिथे ही रंगाची विभागणी उचलून जातींवर बसवली जाते. 'रुई म्हणजे जायगँटिया, मांदार म्हणजे प्रोसेरा' असं छापायचं आणि खाली फोटो पांढऱ्या जायगँटियाचा लावायचा. पुस्तकं एकमताची नाहीत हे तुम्ही बरोबर पकडलंत, आणि त्याचं कारण हेच आहे. दोन रंगांसाठी असलेली दोन नावं दोन जातींना वाटून दिली, आणि तिसऱ्या रूपाला नावच उरलं नाही. पांढरी जायगँटिया, जांभळी जायगँटिया, जांभळ्या टोकांची प्रोसेरा. तीन दिसणारी रूपं, दोन जाती, दोन मराठी नावं. जुळणार कसं?

त्यामुळे मी बोलताना रुई म्हणते, वहीत लिहिताना लॅटिन नाव.

---

शंकासुर

हं. हे पटलं निम्मं. उरलेलं निम्मं शनिवारी सांगतो.

---

सांजवात

मला एक व्यावहारिक शंका आहे, हसू नका. मारुतीला हार करायला कुठली पानं? आमच्या कॉलनीबाहेर उभ्या पाकळ्यांची आहे. ती चालत नसेल तर इतकी वर्षं मारुतिराया काय म्हणत असतील?

---

माळरानी

काही म्हणत नसतील. पूजेच्या वापरात मला कुठे जातींचा भेद दिसला नाही. नवग्रहांच्या होमात सूर्यासाठी अर्काची समिधा सांगितलीय, तिथेही नुसता अर्क. दक्षिणेत रथसप्तमीला अर्काची सात पानं डोक्यावर, खांद्यांवर ठेवून अंघोळ करतात, तिथे जे झाड जवळ असेल त्याची पानं घेतात. पूर्वी तिसरं लग्न अशुभ मानत, म्हणून आधी रुईशी लग्न लावून माणसाशी लागणारं चौथं ठरवायची पळवाट होती, अर्कविवाह. त्या बिचाऱ्या झुडपाची जात कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

फक्त पांढऱ्या मांदाराच्या मुळात गणपती तयार होतो म्हणून जो बाजार चालतो, त्याबद्दल मला राग आहे. मुळाला गाठी येतात, एखादी सोंडेसारखी दिसते, उरलेलं काम चाकू करतो. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर ठेवावा. पण त्यासाठी पांढऱ्या फुलांची जुनी झाडं मुळासकट उपटली जातात. दारात पांढरी रुई लावायची तर बी पेरा किंवा फांदी लावा. सहज लागते.

---

नेत्रांजन

धाग्यात वर चीक लागलेला हात डोळ्यांकडे नेऊ नका असं आलंय. ते नुसतं खबरदारीचं वाक्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे.

रुईच्या चिकाची फसवेगिरी अशी की डोळ्यात गेल्यावर फारसं दुखत नाही. चुना किंवा मिरची गेली तर माणूस ओरडत येतो. रुईचा चीक गेलेला माणूस डोळा धुतो, जरा लाल झालाय म्हणतो आणि झोपतो. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, तेव्हा धावपळ सुरू होते.

आत काय होतं ते सांगतो. बुबुळासमोर जो पारदर्शक पडदा असतो, पारपटल, त्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. पारपटलात मुरणारं पाणी सतत बाहेर काढत राहणं हे त्याचं काम. त्यावरच पडदा काचेसारखा राहतो. चिकातली विषारी द्रव्यं पडद्यातून पार होऊन नेमकी या थराला बाधतात. उपसा थांबतो, पडदा पाण्याने फुगतो, धूसर होतो. औषधांनी बहुतेकांची नजर एक-दोन आठवड्यांत परत येते. पण माणसात या पेशी नव्याने तयार होत नाहीत. गेलेल्या गेल्या, उरलेल्या पसरून जागा भरतात. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ही कमतरता नडू शकते.

म्हणून चीक गेला तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. तूप, मध, दूध, कुणाचा अंगारा, काही घालू नका. हार करणारे, दातदुखीवर चीक लावणारे, काटा काढायला चीक लावणारे, कुंपणाची रुई छाटणारे, सगळ्यांना हे लागू. छाटताना वरून थेंब उडतात, साधा चष्मा घातला तरी पुष्कळ. आणि हो, या बाबतीत जायगँटिया आणि प्रोसेरा सारख्याच वाईट.

---

सांजवात

बाप रे. आणि आम्ही पानं तोडून त्याच हाताने घाम पुसतो. हे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवते.

---

शंकासुर

@नेत्रांजन, मग महाभारतातला उपमन्यू खरा म्हणायचा! आदिपर्वात गोष्ट आहे. धौम्य गुरूंनी भिक्षा बंद केली, गाईचं दूध बंद केलं, वासरांच्या तोंडचा फेस पिऊ नको म्हणाले. भुकेने त्याने रानात अर्काची पानं खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. शेवटी अश्विनीकुमारांची स्तुती करून दृष्टी परत मिळवली.

---

नेत्रांजन

पानं पोटात जाऊन कुणी आंधळा झाल्याचं मी बघितलेलं नाही. पोटात गेली तर उलट्या, जुलाब आणि हृदयाचे ठोके बिघडणं ही भीती मोठी, कारण चिकातल्या कॅलोट्रॉपिनसारख्या द्रव्यांचा परिणाम हृदयावर होतो. पण भुकेला मुलगा पानं ओरबाडतोय, हात चिकाने माखलेत आणि तेच हात डोळ्यांना लागतायत, हे चित्र डॉक्टर म्हणून मला पटतं. आणि दृष्टी परत आली तेही. अश्विनीकुमारांच्या हाताला यश होतं.

---

सुरवंट

एवढी चर्चा झाली आणि रुईचं खरं गिऱ्हाईक राहिलंच. बिबळ्या कडवा! तांबूस-नारिंगी पंख, काळ्या किनारीत पांढरे ठिपके, सावकाश मिरवत उडणारं फुलपाखरू. त्याची मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते. अळी म्हणजे काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या.

बघण्यासारखं असतं तिचं जेवण. मोठी झालेली अळी थेट पानाला तोंड घालत नाही. आधी पानाच्या बुडाशी मधली शीर कुरतडते. चीक भळाभळा वाहतो, ती बाजूला सरकते, वाट बघते. पुढच्या भागात चीक पोचणं बंद झालं की त्या टोकाकडून खायला सुरुवात. खाल्लेल्या विषातलं काही अंगात साठतं, म्हणून पक्षी तिच्या नादी लागत नाहीत. त्या भीतीवर भलतेच लोक जगतात. छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, स्वतः बेचव नसूनही.

पावसाळ्यानंतर निळा-पिवळा चट्टेरीपट्टेरी नाकतोडाही बघा, रुईवर डझनांनी बसलेला असतो. पिल्लांना हात लावलात तर अंगावर पिचकारी मारतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा ठरलेला.

माझ्या बघण्यात अळ्या दोन्ही जातींवर आहेत. फुलपाखरांसाठी लावायची तर जी स्थानिक मिळेल ती लावा.

---

टेकडीवाली

@माळरानी, सकाळी तुमचा धागा वाचून मुद्दाम पुण्यातल्या टेकडीवर बघत बघत गेले. पायथ्याशी आणि पाण्याच्या टाकीजवळ मागे वळलेल्या पाकळ्यांची, फिकट जांभळी. वर मुरमाड उतारावर, जिथे बाकी काही टिकत नाही, तिथे उभ्या पाकळ्यांची, टोकं जांभळी. अंतर शंभर पावलांचंही नसेल. वासाचंही खरं आहे, वरच्या झुडपाला खरोखर वास येतो. इतकी वर्षं जाते, कधी नाक नेलं नव्हतं.

फळं मात्र गोंधळात टाकतात. प्रोसेराचं फळ फुगीर असतं असं कुठेसं वाचलं, मला तर दोन्ही थोडीफार सारखीच वाटली.

एक फोटो टाकलाय, मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायाला काहीतरी पिवळं चिकटलंय. काय आहे ते?

---

माळरानी

फळाचं तुमचं निरीक्षण बरोबर. आफ्रिकेकडच्या प्रोसेराचं फळ फुग्यासारखं फुगतं, परदेशी पुस्तकांतले फोटो त्याचे असतात. आपल्या भागातल्या प्रोसेराचं त्या मानाने बेताचं. म्हणून मी वर फळाचं नाव काढलं नव्हतं. फुलावरच भिस्त ठेवा.

भुंग्याचा फोटो झकास! ते परागकण आहेत, पण सुटी पूड नाही. या कुळात परागकणांची पिशवीच असते, दोन-दोन पिशव्या एका बारीक चिमट्याला जोडलेल्या. फुलाच्या मधल्या खांबाच्या पाच कोपऱ्यांवर पाच उभ्या फटी असतात. सुतार भुंगा मधासाठी खांबावर चढतो, पाय घसरून फटीत जातो आणि ओढून काढताना चिमटा पायाला अडकतो. दोन पिशव्या लटकत घेऊन तो दुसऱ्या फुलावर जातो, तिथल्या फटीत त्या अडकल्या तर बीजधारणा. नेमक्या फटीत नेमकी पिशवी बसली पाहिजे, म्हणून शेकडो फुलांतून फळं मोजकीच. लहान माशांना पाय सोडवण्याइतका जोर नसतो, कधी कधी त्या तिथेच अडकून मरतात. मोठा, दांडगा भुंगा लागतो. टेकडीवर वाळकी लाकडं राहू द्यायचं हेही एक कारण, सुतार भुंगा त्यातच घर पोखरतो. सफाईच्या नावाखाली सगळी उचलून नेतात, मग फळं धरत नाहीत म्हणून हळहळायचं.

---

बँकॉकवासी

मायदेशापासून लांब, पण या धाग्यात माझं झाड निघालं. बँकॉकमध्ये पांढरी रुई, म्हणजे तुमच्या हिशेबाने जायगँटिया, हारांसाठी लागते. फुलबाजारात पाकळ्या काढून टाकलेले नुसते मुकुट ढिगाने विकायला असतात. मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर ओवतात. टॅक्सीच्या आरशाला, घराबाहेरच्या छोट्या देव्हाऱ्यांना, बुद्धाच्या मूर्तीला, सगळीकडे. हस्तिदंती मण्यांची माळ वाटावी इतके सुबक दिसतात आणि दिवसभर कोमेजत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा यांनी लिहिलेलं वाचून गंमत वाटली. अकोल्याच्या मुली आणि इथल्या हारवाल्या बायका दोघींनी एकच भाग निवडलाय.

---

उलटं_ऋतुचक्र

क्वीन्सलँडमधून नमस्कार. इथे उत्तरेकडे आणि शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत प्रोसेराने उच्छाद मांडलाय. रबर बुश म्हणतात. गुरांच्या मोठमोठ्या कुरणांत मैलोन् मैल पसरलीय. पूर्वी उंटांच्या खोगिरात हिचा कापूस भरलेला असायचा, त्यातून बी आलं असं इथली जुनी माणसं सांगतात. वाऱ्याने आणि पुराच्या पाण्याने पसरते.

भारतात बिचारी उकिरड्यावरची, इथे सरकारी तणांच्या यादीत. उपटायला गेलं तर मूळ खोल, तुटलं की पुन्हा फुटवे.

---

खाडीपलीकडचा

त्या कापसाला आम्ही म्हातारी म्हणतो. एप्रिलमध्ये फळं फुटली की पोरं म्हाताऱ्यांच्या मागे. आजोबा त्याची उशी भरायचे, डोक्याला थंड म्हणून. कापूस इतका गुळगुळीत की सूत काही निघत नाही, उशीपुरताच.

---

शेतीवाडी

मंडळी, मी पिकावर फवारायला दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क करतो. कडुनिंब, निरगुडी, करंज, घाणेरी, सीताफळ वगैरेबरोबर रुईचा पाला साधारण २ किलो पडतो. आमच्या शिवारात उभ्या पाकळ्यांची जास्त. चालेल ना? का मोठ्या फुलाचीच आणायची?

---

माळरानी

चालेल. कृती सांगणारेही नुसतं 'रुईचा पाला' म्हणतात. हातमोजे आणि चष्मा मात्र वापरा, वर डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचाच. पाला कापल्यावर तासभर सावलीत ठेवलात तर चिकाचं ठिबकणं थांबतं, मग हाताळायला सोपं.

आणि पोटात घ्यायच्या कुठल्याही घरगुती औषधासाठी रुई विचारात असेल, तर विचार सोडा. गुडघ्यावर तेल लावून गरम पान बांधणं वेगळं, पोटात घेणं वेगळं.

---

शंकासुर

पोटात घेऊ नका म्हणता, पण पश्चिम आफ्रिकेत, बेनिनकडे, फुलानी गवळी प्रोसेराच्या पाल्याच्या रसाने दूध फाडून चीज करतात. वगाशी म्हणतात त्याला. आता बोला.

---

माळरानी

बोलते. खरं आहे ते. चिकातली विकरं दूध फाडतात, आणि ते लोक किती रस, किती वेळ, किती उकळायचं हे पिढ्यान् पिढ्या हाताने शिकलेत. तुम्ही युट्यूब बघून पनीर करायला घेऊ नका म्हणजे झालं. शनिवारचं उरलेलं निम्मं हेच होतं का?

---

शंकासुर

नाही, ते वेगळं आहे. आमच्या गल्लीतल्या मांदाराचं फूल बघून आलो. पाकळ्या मागे वळलेल्या, मुकुट बुटका, कान आहेत. म्हणजे पांढरी जायगँटिया. आजीचा मांदारही बरोबर, तुमचं लॅटिनही बरोबर. यावर भांडायला काही उरलं नाही याचं वाईट वाटतंय.

---

माळरानी

:) राहू द्या, पुढचा धागा घाणेरीवर काढते, तिथे भांडू.

धुळे-नंदुरबार, बीड-लातूरकडचं कुणी आहे का? तिकडचे फोटो अजून आलेले नाहीत. वरून काढलेल्या फोटोत मुकुटाची उंची कळत नाही, फूल डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने काढा. त्याच झुपक्यातल्या न उमललेल्या कळ्याही फोटोत येऊ द्या.

---

तापीकाठ

शिरपूरकडचा आहे. शेताच्या बांधावर दोन झुडपं आहेत, दोन्ही उभ्या पाकळ्यांची वाटतात, पण एकाचं फूल बरंच मोठं आहे. उद्या उजेडात बाजूने फोटो काढून टाकतो. कानही शोधतो. भिंग नाही, मुलाचा जुना मोबाइल आहे, चालेल ना?

---

माळरानी

पळेल. फूल मोठं असेल तर ते नुकतं उमललेलं आहे की जुनं, हेही बघा. जायगँटियाच्या नव्या फुलाच्या पाकळ्या पहिल्या दिवशी नीट पसरलेल्या नसतात, तेवढ्यापुरत्या उभ्या भासतात. त्याच झुडपावरचं एखादं जुनं, सुकायला लागलेलं फूलही फोटोत घ्या.